पुकारा कुणाच्या नावाचा

बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला की भावाने तिला साडीचोळी करायची, ही कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गावांतली जुनी रीत. जमिनीत भात पिकायचं तेव्हा ठीक होतं. आता तिथे टॉवर उगवतात, तरी साडी ती साडीच राहिली. राघो केणे मात्र मोठ्या मनाचा. त्याने कल्याणच्या कचेरीत धाकट्या बहिणीची, जयाची, सही घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली चक्क गाडी आणून उभी केली, बॉनेटला लाल फीत लावून.

गाडी म्हणजे त्याच्याच अंगणात पडून असलेली जुनी पांढरी आठशे सीसीची डबडी. छपरावर कोंबड्या बसायच्या. मागचं दार आतून उघडायचं नाही, आणि एसी लावला की साधा पूल चढायला कुरकुर करायची. फोटो मात्र झकास निघाला. राघो चावी देतोय, जया घेतेय, मध्ये आई गंगुबाई उभी. गावच्या ग्रुपवर नुसता कौतुकाचा पूर. भाऊ असावा तर असा, वगैरे. फोटोत जया हसलीय. हसली नसती तर काय करणार होती बिचारी, सही तर होऊन गेलेली.

ही जया पंचेचाळिशीची, अंगाने आडवी, बोलायला तिखट. नवरा कमलेश एमआयडीसीत शिफ्टला जातो. ती स्वतः शाळेची व्हॅन चालवते, आणि डोंबिवलीत शाळेची व्हॅन चालवणं म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच माहीत. आया घरी बसून मोबाइलवर व्हॅन कुठे पोचली ते बघतात. जरा कुठे मोकळा रस्ता मिळून काटा वर सरकला, की लगेच फोन. मॅडम, आज फास्ट चालवताय का? इतकी वर्षं जयाने पाय आखडूनच गाडी चालवली.

खरं तर वेग तिच्या माहेरच्या रक्तातच. बाप पंढरी केणे शर्यतीच्या बैलांचा शौकीन. त्याच्या जोडीला पोहायला खाडीत कोण न्यायचं, तर जया. अंडी फोडून पिठात मळून कोण चारायचं, तर जया. बैलाच्या खुराला काय झालंय ते बापाच्या आधी तिला कळायचं. पण शर्यतीच्या दिवशी बाईमाणसाने मैदानात पाऊल टाकायचं नाही. ती घराच्या गच्चीवर उभी राहून कर्ण्यातला आवाज ऐकायची. जोडी सुटायच्या आधी माइकवर मालकाच्या नावाचा पुकारा होतो. 'पंढरीशेठ केणे यांची जोडी.' आणि बाप गेल्यावर, 'राघोशेठ केणे यांची जोडी.' राघोने त्या बैलांना कधी मूठभर गवत घातलं नव्हतं. जया गच्चीवर उभी राहून दातओठ खायची, आणि खाली येऊन भांडी घासायची. तिचं नाव त्या कर्ण्यातून कधी म्हणता कधी आलं नाही.

यंदा गणपतीत सगळे माहेरी जमलेले असताना राघोने जाहीर केलं, की बाबांच्या नावाने चषक ठेवणार. सकाळी बैलगाड्या, दुपारी मोटारगाड्या. मोटारींचं खूळ त्याच्या पोराचं, प्रीतमचं. त्याच्याकडे भारीतली गाडी होती, आवाज असा की लहान पोरं झोपेतून उठावीत. मातीच्या मैदानात शंकू मांडून वाकडीतिकडी वाट आखायची, एका वेळी एक गाडी सोडायची, कमी वेळात येईल तो पहिला. ठाण्याचा एक क्लब घड्याळ आणि निशाण सांभाळणार होता.

"मी पण उतरणार," जया म्हणाली.

मोदकांचं ताट फिरत होतं ते तिथेच थांबलं. मग सगळे हसले. प्रीतम तर लोळायचाच बाकी राहिला. "आत्या, तुझ्या डब्याला मागून धक्का कोण देणार?"

जयाने मोदकांचं ताट पुढे सरकवलं. पण घरी आल्यावर कमलेशला म्हणाली, "त्या गाडीचा मला घाम काढायचाय." कमलेशला वाटलं, गाडी धुवायचीय.

डोंबिवलीतले निम्मे गॅरेजवाले राघोला ओळखतात. इथे स्पॅनर फिरला की तिथे गावात चहा पिताना कळायचं. म्हणून जयाने थेट ठाणं गाठलं. खोपटला एसटी डेपोच्या मागल्या गल्लीत साईनाथचं गॅरेज. हा मूळचा संगमेश्वरचा, तोंडाने फटकळ, पूर्वी रॅलीच्या गाड्यांवर हात काळे केलेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काय करायचंय ताई?"

"पळवायचीय."

"कुणापासून?"

"भावापासून," जया म्हणाली.

साईनाथ म्हणाला, आधी साधी सर्व्हिसिंग करू, प्लग बदलू, मग बघू. पण जयाला आवाज हवा होता. गावात शिरली की प्रीतमच्या छातीत धडकी भरली पाहिजे. तिने हट्टाने जाड नळीचा सायलेन्सर बसवून घेतला. साईनाथ नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला, मग गप्प बसून वेल्डिंग केलं. परतीच्या वाटेवर नौपाड्यात हवालदाराने शिट्टी मारून बाजूला घेतलं, पावती फाडली, आणि वर म्हणाला, "या वयात शोभतं का काकू?" घरी पोचेपर्यंत तिला दुसरीही गोष्ट कळली. आवाज ट्रकचा आणि चाल रिक्षाची. गाडी आधी जेवढी ओढायची तेवढीही ओढेना.

"अहो, आठशे सीसीची फुंकर ती," साईनाथ दुसऱ्या खेपेला म्हणाला. "एवढ्या मोठ्या नळीतून मारली तर जोर राहतो होय?"

शहाणं माणूस इथे थांबलं असतं. जया थांबली नाही. मधल्या काळात तिने कुणाकडून तरी रुंद टायर आणि चकचकीत व्हील मिळवली. प्रीतमच्या गाडीला तशीच होती ना. ती लावल्यावर गाडी दिसायला लागली झक्कास, आणि स्टिअरिंग झालं जात्यासारखं जड. वळताना टायर बाजूच्या पत्र्याला घासून करकर वाजायचा. साईनाथने कपाळावर हात मारून घेतला. "ताई, गमबूट घालून धावायला जाता का तुम्ही?"

जयाला राग आला. साईनाथचा नाही, स्वतःचा. आपण प्रीतमसारखी गाडी करायला निघालोय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने ती व्हील उतरवली, मूळ सायलेन्सर परत लावला आणि स्टूल ओढून साईनाथसमोर बसली. "आता तू बोल. मी ऐकते."

साईनाथचा हिशेब सरळ होता. गाडीला आधी थांबायला शिकवायचं, मग माती धरायला, मग पळायला. म्हणून पहिले ब्रेक. मग चांगल्या पकडीचे, पण मापातलेच टायर. मग इंजिनाची साफसफाई, क्लच, वायरी, व्हॉल्व्हची जुळणी. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही, असं तो म्हणायचा. जया सकाळची व्हॅनची पाळी संपली की खोपटला यायची आणि शाळा सुटायच्या आत परत पळायची. हळूहळू तिने पाना हातात घेतला. नखं काळी राहायला लागली. एका आईने विचारलं, "मॅडम, मेंदी का?" जया म्हणाली, "हो, ग्रीसची."

शेवटी राहिलं वजन. लहान इंजिनाला जोर देता येत नाही, ओझं तर कमी करता येतं. मागची सीट, गालिचे, स्टेपनी, दारातले पुठ्ठे, टेपचे डबे, सगळं तिने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून उपसून काढलं. रस्त्यावर न्यायची तेव्हा सगळं पुन्हा बसवायचं, कायदा तो कायदा. आई भेटायला आली होती, तिने आत डोकावून बघितलं. गंगुबाईचं बोलणं अजून जुन्या आगरी वळणाचं. "गो बाय, गारीची सालच सोलून काढलंस तू."

"हलकी केली गो आई."

"मग मानसा कवा बसवशील?"

"माणसं बसवायचीच नाहीत."

गंगुबाईला ते पटलं की नाही, देव जाणे. पण दसऱ्याला ती झेंडूची पिशवी घेऊन हजर झाली. दसऱ्याला गाडीला हार नाही, हे आमच्याकडे चालतं काय? आणि जया, एवढी तिखट बाई, तिने स्वतःच्या हाताने दोन पदरी जाडजूड हार ओवला आणि गाडीच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आवळून बांधला. हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नजर लागू नये म्हणून जरा जास्तच. ज्या जाळीवर तिने तो हार बांधला, त्या जाळीच्या बरोब्बर मागे, गार हवा मिळावी म्हणून, साईनाथने नवा उघडा एअर फिल्टर बसवला होता. हे तिला माहीत होतं, तिनेच तर पाना धरला होता. पण दसऱ्याच्या दिवशी फिल्टर कुणाच्या डोक्यात येतो?

पुढच्या रविवारी घोडबंदर रोडच्या पुढे, खडीच्या मोकळ्या जागेत त्या ठाण्याच्या क्लबचा सराव होता. कुणीही यावं, हेल्मेट घालावं, फेऱ्या मारून बघाव्यात. घोडबंदरला नेहमीसारखी गाड्यांची चिक्की झालेली. जया त्यात अडकली आणि इंजिनाच्या गरमीचा काटा चढायला लागला. मग गाडी खोकायला लागली. कशीबशी मैदानात पोचली तर प्रीतम मित्रांना घेऊन आधीच तिथे हजर.

जयाने सीट-स्टेपनी उतरवून ठेवली, पण पहिल्या फेरीत गाडी दुसऱ्या वळणावर आचके देऊन बसली. जयाने पुन्हा सुरू केली, पुन्हा बसली. प्रीतमने मोबाइल काढला होता. त्याचा एक मित्र ओरडला, "आंटी, देवाची गाडी आहे, पळवायची नसते, पाया पडायचं असतं." सगळी पोरं खिदळली.

साईनाथ आला नव्हता. फोन लावला तर उचलेना. जयाची कानशिलं तापली. घरी निघून जावं, व्हॅन बरी, पोरं बरी, असं एकदा वाटून गेलं, नाही असं नाही. मग तिला खाडीतले बैल आठवले. बैल धापा टाकायला लागला की बाप पहिल्यांदा काय बघायचा? नाकपुड्या. तिने बॉनेट उघडलं. फिल्टर पार पिवळा झालेला. पाकळ्या नुसत्या खेचून चिकटलेल्या, त्यात कुंकवाचा लगदा, मध्ये चार अक्षता. आणि उरलेल्या हाराने रेडिएटरचं तोंड दाबून धरलेलं. गाडीचं नाकही बंद आणि तोंडही बंद, करणारी ती स्वतः.

तिला हसूच फुटलं. ती एकटीच मोठ्याने हसली, तशी पोरं गप्प झाली. तिने फिल्टर काढला, मांडीवर आपटला, पदराने पुसला. पाकळी न् पाकळी वेचली. हार सोडला. देवाचा हार मातीत टाकवेना, म्हणून मागच्या हुकाला बांधला. मग हेल्मेट चढवलं.

त्या फेरीत काय झालं ते जयाला नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते, की इतकी वर्षं आखडलेला पाय मोकळा झाला. हलकी गाडी शंकूंमधून अशी निघाली की वळणावर मागची बाजू सरकायची आणि जया ती गालातल्या गालात हसत सावरायची. सावरणं तिच्या हातात होतंच. खाडीच्या चिखलात जोडी हाकून झालेले हात ते. फेरी संपली तेव्हा प्रीतमने मोबाइल खिशात टाकला होता.

आणि दोनच दिवसांत राघो दारात.

बसला, पाणी प्यायला, कमलेशची चौकशी केली. मग हळूच म्हणाला, "प्रीतम सांगत होता, बरी पळते म्हणे."

"पळते."

"चांगलं हाय. चालव तू. कोण काय बोलनार नाय. पन पुकारा घरच्या नावाने होईल. राघोशेठ केणे यांची गाडी."

राघोने समजावणीचा सूर लावला. "अगं, बाबांची जोडी कोण हाकायचा? ड्रायव्हर. कधी त्याचं नाव आलं? नाव मालकाचं. रीतच हाय ती. गारी मीच दिलेली ना तुला?"

"मी तुझी ड्रायव्हर?"

"तसं नाय गो—"

"तसंच." जयाचा आवाज चढला नाही, त्यामुळे कमलेश दचकून आतून बाहेर आला. "गाडी दिली म्हणतोस ना दादूस? दिली म्हणजे गेली. मी पण तुला काहीतरी देऊन बसलेय, कल्याणला सही करून. मी येते का तुझ्या टॉवरखाली, माझं नाव लाव म्हणून सांगायला?"

राघोचा चेहरा पडला. भाऊ म्हणून तो वाईट नव्हता. आजारपणात धावून येणारा, भाऊबीज न चुकवणारा. पण नाव कुणाचं, हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता. तो उठला आणि दारात चपला घालताना म्हणाला, "माइक माझ्या मंडपात हाय, जया. तिथं काय बोलायचं ते मी ठरवनार." आणि गेला.

कमलेश म्हणाला, "जाऊ दे ना. नाव त्याचं तर त्याचं. चालवणार तर तूच."

"तुझा पगार दर महिन्याला शेजाऱ्याच्या नावाने जमा झाला तर चालेल? काम तर तूच करतोस."

कमलेश शिफ्टचा डबा भरायला उठला.

चषकाच्या दिवशी गावच्या मैदानात तुडुंब गर्दी. सकाळच्या बैलगाड्यांची धूळ अजून बसली नव्हती. मंडपात फेटे बांधलेले पाहुणे, आणि गाड्यांचा खेळ म्हणून या वर्षी बायकाही बसलेल्या, पहिल्या रांगेत गंगुबाई. माइकवर देवराम. हा देवराम म्हणजे पंचक्रोशीचा आवाज. त्याने पुकारलं की बैलांच्या अंगावर काटा येतो, असं लोक म्हणायचे. जया गच्चीवरून ऐकायची तो आवाज याचाच. आज पहिल्यांदा ती त्याला समोरून बघत होती. म्हातारा झालेला, माइक धरलेला हात थरथरणारा, गळा मात्र तसाच.

सुरुवातीच्या रेषेवर क्लबची अक्षदा निशाण घेऊन उभी. चुणचुणीत पोरगी, सगळ्यांना सारखेच नियम सांगत होती. निशाण पडल्यावर मिनिटभरात गाडी सुटली नाही तर फेरी बाद. प्रत्येकाला एकच फेरी.

जयाचा नंबर लागला. तिच्या मागे प्रीतमची गाडी गुरगुरत उभी. साईनाथने खिडकीतून आत वाकून पट्टा ओढून बघितला. "पहिल्या वळणाला घाई करू नका ताई. बाकी गाडी तुम्हाला ओळखते." तो बाजूला झाला. जयाने गियर टाकला. कर्णा खरखरला.

"आता येत आहे," देवरामने सूर लावला, "कैलासवासी पंढरीशेठ केणे यांच्या कृपेने, गावचे भूषण, राघोशेठ केणे यांची गाडी..."

निशाण पडलं. जयाने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

अक्षदा धावत आली. "ताई, निशाण पडलं."

"बघितलं."

"मग? काही बिघडलं का?"

"गाडी बरोबर आहे. नाव चुकलंय."

अक्षदाला काही कळेना. ती एकदा घड्याळाकडे बघे, एकदा जयाकडे. तोवर राघो मंडपातून निघून, धोतराचा सोगा सावरत खिडकीशी आला. आवाज दबका, चेहरा हसरा, कारण पाहुणे बघत होते. "जया, तमाशा नको. सुरू कर."

"नाव सांग देवरामकाकांना."

"घड्याळ पळतंय गो. एवढी मेहनत केलंस, फुकट जाईल."

इथे जयाचा हात चावीकडे गेला. मेहनत आठवलीच ना. काळी नखं, पाकळ्या, खोपटच्या खेपा. पाय क्लचवर होता. नुसती चावी फिरवायची होती, बस. फिरवली तर पहिली येईल, असं तिच्या पोटातून कुणीतरी सांगत होतं. आणि पहिली आली की कर्ण्यातून पुन्हा तेच येणार, राघोशेठ केणे यांची गाडी. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

अक्षदाने घड्याळ थांबवलं. तिचा आवाज रडवेला झाला. "ताई, सॉरी. तुमची फेरी बाद."

राघोने मोठा श्वास सोडला. "झालं समाधान? घे आता बाजूला."

जया हलली नाही. गाडी रेषेवर आडवी नव्हती, सरळ होती, पण वाट एका गाडीपुरतीच. मागे प्रीतमने हॉर्न दिला. परत दिला. त्याच्याही मागे रांग लागलेली. कुणीतरी शिट्टी मारली, मग शिट्ट्यांवर शिट्ट्या. फेटेवाले पाहुणे एकमेकांच्या कानाला लागले.

"माझी वेळ मोजू नका," जया अक्षदाला म्हणाली, पण बघत होती भावाकडे. "बाद तर बाद. वेळ नको मला. नाव लावा, मग सोडते वाट. नाहीतर संध्याकाळपर्यंत बसायला मी मोकळी आहे. आज शाळेला सुट्टी आहे."

राघो काही बोलणार, तेवढ्यात कर्णा पुन्हा खरखरला. देवरामला शिट्ट्यांत काही ऐकू जात नव्हतं, आणि समोर खोळंबलेलं मैदान त्याला जन्मात सहन झालं नव्हतं. त्याने माइकवरूनच सरळ विचारलं, "जया, काय नाव लावू गो? केणे लावू का गायकर?"

आख्ख्या मैदानाने ऐकलं. जयाने हेल्मेटची काच वर केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. केणे म्हणजे शेवटी राघो, गायकर म्हणजे कमलेश. कमलेश बिचारा काही वाईट नव्हता. पण त्याने तरी कुठे पाना धरला होता?

"नुसतं जया लावा काका," ती ओरडली. "पुढे काही नको."

देवरामने राघोकडे बघितलं. राघोने पाहुण्यांकडे बघितलं, प्रीतमच्या तापलेल्या तोंडाकडे बघितलं, मग मंडपातल्या आईकडे. गंगुबाई पान जुळवत होती. तिने मान वर केली नाही. राघोने हात झटकला. लाव काय लावायचं ते.

देवरामने खाकरून गळा साफ केला. एवढं आखूड नाव त्याने कधी पुकारलं नव्हतं. आधी कैलासवासी नाही, नंतर शेठ नाही, सूर धरायला जागाच कुठे? म्हणून त्याने त्या दोन अक्षरांनाच ताणलं, असं ताणलं की रस्त्यापलीकडच्या टॉवरच्या गच्च्यांवर माणसं येऊन उभी राहिली. "आता येत आहे... जयाची गाडी."

जयाने चावी फिरवली.

तिने पहिल्या वळणाला घाई केली नाही. दुसऱ्याला मात्र कसर भरून काढली. गाडीचं मागलं अंग लाल मातीवर घसरलं, शंकूला चाटून गेलं, शंकू जागचा हलला नाही. लांबच्या टोकाला, जिथे प्रत्येक जण ब्रेक मारत होता, तिथे तिने मारला नाही. बायकांच्या मंडपातून कुणीतरी किंचाळलं. देवराम माइकवर काही ना काही बोलतच होता, आणि दर वाक्यात तेच नाव येत होतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही लावायला नव्हतंच. शेवटची रेष तिने ओलांडली तेव्हा तिथे घड्याळ धरून कुणी उभं नव्हतं.

चषक प्रीतमने घेतला. मोठा, चकाकता. पण फोटो काढतानाही त्याचं लक्ष नव्हतं. तो क्लबच्या पोरांना गाठून विचारत होता, आत्याची वेळ कुणी मोबाइलवर तरी लावली का. कुणीच लावली नव्हती. आजही तो मधूनच विचारतो, आणि त्याला आजही कुणी सांगू शकत नाही.

मैदान रिकामं होत आलं तेव्हा जया गाडीत मागची सीट बसवत होती. राघो येऊन बॉनेटसमोर उभा राहिला. फेटा सुटून खांद्यावर आलेला. भांडण उरलं नव्हतं त्याच्यात. खरंच कळत नव्हतं त्याला. "एवढा हट्ट केलास," तो म्हणाला. "पदरात काय पडलं तुझ्या?"

"ऐकलं नाहीस?" जयाने विचारलं. "सगळ्यांनी ऐकलं."

ती आत बसली, पट्टा लावला, गाडी सुरू केली. राघो अजून समोरच उभा.

"सरक दादूस," ती म्हणाली. "गाडी काढायचीय."

राघो सरकला.